स्क्रीन पुन्हा पुन्हा फुटते? आधी तडा कुठून सुटला ते बघा

"दोन महिन्यांपूर्वीच फोल्डर टाकलाय, आणि परत तडा."

इंदूरला जेल रोडच्या मोबाइल बाजारात माझं काउंटर आहे आणि हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. (फोल्डर म्हणजे वरची काच, टच आणि डिस्प्ले यांचा एकत्र जोड.) फोन एकदा पडला, फुटला, बदलला, इथपर्यंत समजण्यासारखं आहे. पण तोच फोन वर्षात तिसऱ्यांदा येतो तेव्हा नुसतं हातातून निसटणं हे कारण पुरत नाही. काहीतरी आत राहून गेलेलं असतं. ते न शोधता नवी काच बसवायची म्हणजे गळक्या छताखाली फरशी पुसत बसायचं.

राजेंद्र नगरच्या एका काकूंचा फोन माझ्या चांगला लक्षात आहे. म्हणाल्या, "रात्री उशाशी ठेवला होता रे, सकाळी बघते तर ही रेघ. देवाशपथ पडला नाही." सोबत त्यांचा मुलगा होता. तो म्हणाला, "आई, पडला असेल गं, तुला आठवत नसेल." मी फोन दिव्याखाली तिरका धरला. खालच्या डाव्या कोपऱ्यातून एकच रेघ निघाली होती. ओढ्यासारखी वळणं घेत, कुठेही फाटा न फुटता, ती वरच्या कॅमेऱ्यापर्यंत गेली होती. चांदणीसारख्या पसरलेल्या भेगा नाहीत, चुरा नाही, मार लागल्याचा पांढरा ठिपका नाही. काकू शंभर टक्के खरं बोलत होत्या.

तडा वाचता येतो. हे काम कोणीही घरी करू शकतं, त्याला हत्यार लागत नाही.

तडा कसा वाचायचा

दुसऱ्या फोनचा टॉर्च घ्या आणि उजेड काचेवर आडवा पडेल असा धरा. बोट फिरवू नका, काचेची कुसळं कातडीत जातात आणि ती दिसतही नाहीत. टेम्पर्ड, म्हणजे स्क्रीनवर चिकटवायची संरक्षक काच, लावलेली असेल तर सगळ्यात आधी तडा टेम्पर्डला आहे की खालच्या काचेला, ते बघा. फोल्डर बदलायला म्हणून आलेली कितीतरी माणसं माझ्याकडून फक्त नवी टेम्पर्ड लावून घरी गेली आहेत. फोन तिरका करून डोळा कडेशी आणलात की दोन थर वेगळे दिसतात. रेघ वरच्याच थरात संपत असेल तर ती टेम्पर्डची.

खालच्या काचेलाच तडा असेल तर त्याचं मूळ शोधा. भेगा झाडाच्या फांद्यांसारख्या पुढे जाताना फुटतात, मागे येताना नाही. म्हणून कुठलीही फांदी धरून उलट चालत या, खोडापाशी पोचाल. तिथे बारीक पांढरा चुरा आणि भोवती चांदणी असेल, तर तिथे काहीतरी टोकदार लागलंय: खडा, गिट्टी, पलंगाचा लोखंडी कोपरा. खोड फोनच्या कोपऱ्यावर असेल आणि तिथून पंख्यासारख्या भेगा पसरल्या असतील, तर फोन कोपऱ्यावर आपटलाय, आणि मग काचेइतकंच लक्ष फ्रेमकडे द्यायला हवं. आणि चांदणी नसलेली, एकटी, रेंगाळत गेलेली रेघ दिसली, तर मार लागलेलाच नाही. काच वाकवली गेली आहे किंवा आतून ढकलली गेली आहे. जोराचा दणका बसला की काचेत साठलेली शक्ती एकदम मोकळी होते आणि भेगेला फाटे फुटतात. हळूहळू ताण वाढत जातो तेव्हा भेग एकटीच, सावकाश पुढे सरकते.

काकूंची रेघ ही तिसऱ्या जातीची होती. फोल्डर काढला. रिकाम्या फ्रेमवर स्टीलची फूटपट्टी उभी ठेवली आणि मागून टॉर्च मारला. पट्टी आणि फ्रेम यांच्यामधून बाकी सगळीकडे अंधार, फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी उजेडाची एक बारीक फट. कोपरा जेमतेम अर्धा मिलिमीटर आत दबलेला होता. चार महिन्यांपूर्वी फोन स्कूटरवरून पडला होता, तेव्हा दुसऱ्या एका दुकानात काच बदलून घेतली होती. तिथे वाकलेल्या फ्रेममध्येच नवा फोल्डर दाबून बसवला. वरून सगळं छान दिसत होतं. पण त्या कोपऱ्यावरची काच त्या दिवसापासून चोवीस तास वाकलेल्या अवस्थेत होती.

ताणाखाली असलेल्या काचेत बारीक चीर असेल, तर हवेतला ओलावा चिरेच्या टोकाशी जाऊन काचेतले बंध सैल करतो आणि चीर डोळ्यांना न दिसता पुढे सरकत राहते. एक दिवस ती पुरेशी लांब होते आणि काच सुटते. मग तो दिवस उशाशी ठेवलेल्या रात्रीचाही असू शकतो. "आपोआप फुटली" असं कोणी सांगितलं की आता मी त्याच्यावर अविश्वास दाखवत नाही, फूटपट्टी काढतो.

वारंवार फुटणाऱ्या फोनमध्ये वाकलेली फ्रेम हे मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण आहे. त्याच्याच पंक्तीतलं दुसरं म्हणजे आत राहिलेला कचरा. जुन्या काचेचा मोहरीएवढा तुकडा किंवा वाळलेल्या गोंदाची गाठ फ्रेमच्या खाचेत राहिली, तर नवी काच त्या एका बिंदूवर टेकून बसते. वरून अंगठा दाबला की सगळा जोर तिथेच. हे काम कारागिराचं आहे, पण ते झालंय की नाही हे विचारण्याचं काम तुमचं आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

इतकी मजबूत काच मग फुटते का?

फोनवरची काच खिडकीच्या काचेसारखी नसते. कॉर्निंगसारख्या कंपन्या १९६० च्या दशकापासून अशी काच बनवत होत्या, पण ती घराघरांत पोचली २००७ च्या पहिल्या आयफोननंतर. काचेचा तयार पत्रा वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटच्या कुंडात बुडवतात, तापमान साधारण ४०० अंश सेल्सिअस. त्या उष्णतेत काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी आकाराने मोठे असलेले पोटॅशियमचे आयन येऊन बसतात. पंगतीत किडकिडीत मुलं जेवून उठली आणि त्याच पाटांवर धिप्पाड माणसं बसली तर काय होईल? खांद्याला खांदा भिडेल, एकमेकांना रेटतील, मधे बोट शिरायला जागा राहणार नाही. काचेचा वरचा थर असा गच्च दाबलेला असतो. चीर पडायची तर आधी काच उघडायला हवी, आणि हा दाब तिला उघडू देत नाही.

पण हा गच्च थर फार पातळ असतो, केसाच्या जाडीच्या आसपास. त्याच्या खाली काचेचा जो मधला भाग आहे तो उलट ताणलेला असतो, कारण वरचा थर रेटतोय त्याचा तोल आतून सांभाळावा लागतो. म्हणजे ओरखडा उथळ असेपर्यंत काच सुरक्षित. ओरखड्याने तो थर ओलांडला आणि त्याचं टोक ताणलेल्या भागात पोचलं की तिथून पुढे काच स्वतःच स्वतःला फाडायला तयार असते.

ए. ए. ग्रिफिथ नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात हेच मांडलं होतं: काचेची ताकद तिच्या द्रव्यावर कमी आणि तिच्यावरच्या बारीक चिरांवर जास्त ठरते. आपल्या काचवाल्याला हे केव्हापासून माहीत आहे. तो हिरकणीने काचेवर एक रेघ ओढतो, रेघ इतकी बारीक की नीट दिसतही नाही, आणि दोन्ही हातांनी हलकेच वाकवतो. काच बरोबर त्या रेघेवर दुभंगते. हातोडी कुठेच लागत नाही.

तुमचा फोन दहा वेळा पडून वाचला आणि अकराव्यांदा गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडून फुटला, तर त्याचा अर्थ हाच. अकरावं पडणं म्हणजे ते हलकेच वाकवणं होतं. रेघ आधीच ओढलेली होती.

रेघ ओढतं कोण?

लोक किल्ल्यांना आणि नाण्यांना घाबरतात. किल्ल्या काचेपेक्षा मऊ असतात. खनिजांची कठीणता मोजायची मोहची १ ते १० अशी जुनी पट्टी आहे. त्यावर फोनची काच सहाच्या आसपास येते, पितळ तीनच्या आसपास, आणि वाळूतलं क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी सातवर. किल्लीने काचेवर पडलेली रेघ बहुतेक वेळा किल्लीच्याच धातूची असते, ओल्या फडक्याने निघून जाते. वाळूच्या कणाची रेघ निघत नाही.

इथे माळव्यात एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. आपली काळी माती बोटांना कितीही चिकटली तरी ती चिकणमाती आहे, तिचे कण मऊ असतात. त्या धुळीने स्क्रीन मळते, सहसा ओरखडत नाही. पण शहरात जिकडे तिकडे बांधकाम चालू आहे आणि त्यासाठी नर्मदेची रेती येते. ती रेती गारगोटीने भरलेली असते. रस्त्याच्या कडेला तिचे ढीग, वाऱ्याबरोबर तिचे कण, आणि ते कण जाऊन बसतात पँटच्या खिशाच्या तळाशी, पर्सच्या शिवणीत, स्कूटरच्या डिकीत. खिसा उलटा करून पांढऱ्या कागदावर झटकून बघा. कागद हलवल्यावर जे चमचमतं ते तुमच्या स्क्रीनचं खरं शत्रुसैन्य आहे.

डिकीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इंदूरमध्ये अर्धं शहर फोन डिकीत टाकून फिरतं. पाऊस आला, टाक डिकीत. मंदिरात जायचंय, टाक डिकीत. त्या डिकीत पाना असतो, पंक्चरचं सामान असतं, कागदपत्रं असतात आणि तळाशी वर्षभराची रेती. गाडी खड्ड्यांतून जाते तेव्हा फोन त्या रेतीवर पालथा घासत जातो, सोबत पाना वरून ठोके देतो. घराजवळच्या एका दादांचा फोन मी उघडला तेव्हा काचेवर एकाच दिशेने गेलेले शेकडो बारीक चरे होते, जणू कोणी घासणीने भांडं घासलंय. त्यांना वाटायचं, डिकीतला फोन सगळ्यात सुरक्षित. डिकीत ठेवायचाच असेल तर जुन्या मोज्यात घालून ठेवा. मोजा दर आठवड्याला धुवा.

ओरखड्यांवर सोपी तपासणी अशी: स्क्रीन बंद करा, मऊ ओल्या कापडाने पुसा, टॉर्च आडवा धरा आणि फोन हळूहळू गोल फिरवा. एका कोनात चरे चमकतील. त्यावरून अलगद नख फिरवा. नख अडकत असेल अशी रेघ कडेपासून बोटभर अंतरात असेल, तर त्या फोनला आजच टेम्पर्ड आणि जाड कव्हर लावा. तो पुढच्या पडण्यात टिकेल याची खात्री देता येत नाही.

पडतो तेव्हा काय होतं

एक मीटरवरून सुटलेला फोन जमिनीवर पोचायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो आणि पोचताना त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. फोनचं वजन २०० ग्रॅम धरा. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर सगळं अवलंबून आहे. कोटा फरशीवर किंवा ग्रॅनाइटवर तो एका मिलिमीटरात थांबला तर सरासरी जोर २०० किलो वजनाएवढा होतो. तोच कव्हरच्या रबराने चार मिलिमीटर दबून थांबला तर ५० किलो. कव्हर फक्त एवढंच करतं, थांबायला जागा देतं. म्हणून कडक, चकचकीत, पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर फोनला ओरखड्यांपासून वाचवतं, पडण्यापासून फारसं नाही. दाबल्यावर दबणारं कव्हर घ्या.

कव्हर घेताना दोन गोष्टी बघा. चारही कोपऱ्यांवर रबर जाड असावं, कारण फोन बहुतेक वेळा कोपऱ्यावरच उतरतो आणि तिथे सगळा भार नखाएवढ्या जागेवर येतो. आणि कव्हरची कड काचेच्या वर किमान एक मिलिमीटर उचललेली असावी. फोन उताणा ठेवा, कव्हरच्या दोन्ही कडांवर फूटपट्टी आडवी टेकवा आणि पट्टी व काच यांच्यामधून पोस्टकार्ड सरकवा. अडलं तर कड कमी आहे. टेम्पर्ड लावल्यानंतर ही कड कमी होते, हे विसरू नका. नवी टेम्पर्ड लावली की पोस्टकार्डाची परीक्षा परत घ्या.

गुळगुळीत फरशीपेक्षा डांबरी रस्ता वाईट, हे अनेकांना खरं वाटत नाही. फरशीवर सपाट पडलेला फोन भार सगळ्या काचेवर वाटून घेतो. रस्त्यावर वर आलेली एकच खडी काचेच्या एका टिंबावर घुसते आणि तो गच्च थर तिथेच भेदते. पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, भाजीच्या गाडीपाशी वाकताना शर्टच्या वरच्या खिशातून फोन सुटतो, तो असाच रस्त्यावर पडतो. माझ्याकडे येणाऱ्या चांदण्यांचं सर्वांत मोठं कारण शर्टचा वरचा खिसा आहे. ज्यांना वाकायचं काम जास्त, मग ते प्लंबर दादा असोत, रांगोळी काढणाऱ्या ताई असोत की देवळात नमस्कार करणारे आजोबा असोत, त्यांनी वरच्या खिशात फोन ठेवूच नये. मागच्या खिशात तर कोणीच नाही. बसल्यावर फोन वाकतो, आणि त्याची रेघ काकूंच्या रेघेसारखीच दिसते.

स्कूटरच्या हँडलला फोन लावत असाल तर पकड चारही कोपऱ्यांची आणि आतून रबराची हवी. मधोमध दोन बाजूंनी आवळणारी पकड खड्ड्यात फोन पिळते. सतत कंप बसल्याने काही फोनचा कॅमेराही बिघडतो.

टेम्पर्डबद्दल खरं काय

टेम्पर्ड लावा. स्वस्तातली लावा, पण लावा, आणि तडा गेला की त्याच आठवड्यात बदला. तिचं काम ओरखडे आणि टोकाचे ठोके स्वतःवर घेणं आहे. ती फुटली म्हणजे तिने काम केलं. तडकलेली टेम्पर्ड सहा महिने तशीच वापरणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तिच्या भेगांतून रेतीचे कण खाली जातात आणि मूळ काचेवर घासतात. जिने वाचवायचं तीच मग काच खाते.

पाकिटावर '९एच' लिहिलेलं असतं. ती पेन्सिलीच्या कठीणतेची परीक्षा आहे, नऊ एचच्या पेन्सिलीने ओरखडा पडला नाही एवढाच त्याचा अर्थ. मोहच्या पट्टीवरचा तो नऊ नाही. '११डी', '२१डी' हे आकडे विकणाऱ्यांचे आहेत, काचेची ताकद त्यावरून कळत नाही. तुम्ही बघायचं ते एवढंच की गोंद पूर्ण काचेला आहे की फक्त कडेला. फक्त कडेला गोंद असलेली टेम्पर्ड मधे अधांतरी राहते, टचही नीट चालत नाही आणि धूळ आत जाते. काच कडेला वळलेल्या फोनवर यूव्ही गोंदाची (अतिनील उजेडाने घट्ट होणाऱ्या पातळ गोंदाची) टेम्पर्ड लावतात. ती लावताना वरच्या स्पीकरच्या जाळीवर आणि बटणांवर चिकटपट्टी लावून घ्या, पातळ गोंद तिथून आत उतरतो. आणि स्क्रीनखाली बोटाचा ठसा घेणारा फोन असेल तर टेम्पर्ड लावल्यावर जुना ठसा काढून नव्याने नोंदवा, नाहीतर दोष फोनचा आहे असं वाटत राहतं.

काच वर उचलल्यासारखी दिसते का?

हे प्रकरण काचेचं नसून बॅटरीचं आहे, आणि यात थट्टा नाही. जुनी किंवा बिघडलेली लिथियम बॅटरी आत वायू धरते आणि फुगते. तिला जागा हवी असते, मग ती स्क्रीनला आतून वर ढकलते. आधी स्क्रीनची एक बाजू फ्रेमपासून केसभर सुटते, कडेने उजेड झिरपतो, दाबल्यावर मऊ लागतं, फोन टेबलावर ठेवला तर भोवऱ्यासारखा फिरतो. पुढे तडा जातो. इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. आयफोनच्या सूचनांत बंद करून ठेवलेल्या फोनसाठीही ४५ अंशांचीच मर्यादा दिलेली आहे. उशीखाली चार्जिंगला लावलेल्या फोनचंही तेच, उष्णता बाहेर पडायला वाट नाही.

अशी खूण दिसली तर त्या क्षणी चार्जिंग थांबवा, फोन बंद करा. स्क्रीन दाबून परत बसवायचा प्रयत्न करू नका, बॅटरीला टोक लागलं तर आग लागू शकते. फोन गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावर नको, फरशीवर मोकळा ठेवा आणि लवकरात लवकर दुकानात आणा. नुसता फोल्डर बदलून कोणी परत देत असेल तर घेऊ नका. फुगलेली बॅटरी आत ठेवून बसवलेली काच पुन्हा फुटणारच.

फोल्डर बदलायला द्याल तेव्हा

किंमत विचारण्याआधी हे विचारा: "फ्रेम सरळ आहे का, पट्टी लावून दाखवा." चांगला कारागीर रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. फ्रेम थोडी वाकली असेल तर सरळ करता येते, जास्त असेल तर फ्रेम बदलावी लागते. काही फोनचा डिस्प्ले फ्रेमसकट मिळतो, महाग पडतो, पण दोनदा फुटलेल्या फोनसाठी तोच घ्यावा असं माझं मत आहे. गोंद लावण्याआधी फोल्डर कोरडाच फ्रेममध्ये ठेवून बघायला सांगा. हलक्या हाताने चारही बाजूंनी सारखा बसला पाहिजे. कुठे डुगडुगला किंवा कुठे अंगठ्याने दाबावा लागला तर तिथे कचरा किंवा वाक आहे.

फक्त वरची काच बदलायची की पूर्ण फोल्डर, हा प्रश्न चित्रावरून सुटतो. चित्र स्वच्छ, टच सगळीकडे चालतो, तर आतलं पॅनल शाबूत आहे आणि फक्त काच बदलता येते. पण पातळ एमोलेड पॅनल (स्वतःच उजळणारा डिस्प्ले) काच सोडवताना जाण्याचा धोका असतो. तो धोका कोण घेणार, हे आधी ठरवा. काळे शाईसारखे डाग, उभ्या हिरव्या-गुलाबी रेघा, आपोआप चालणारा टच यांपैकी काहीही असेल तर पूर्ण फोल्डर.

फोल्डर 'ओरिजिनल' की 'कॉपी', हे बिलावर लिहून घ्या. स्वस्त कॉपीवरची काच तशी गच्च केलेली असेलच असं नाही, ती पहिल्याच पडण्यात जाते आणि मग लोक फोनला नावं ठेवतात. एमोलेडच्या जागी साधा एलसीडी बसवला तर फोन जाड होतो, काच फ्रेमच्या वर येते आणि कव्हरची कड तिला पुरत नाही. स्क्रीनखालचा ठसाही चालत नाही. जुना फोल्डर परत मागा, किंवा दुकानात ठेवणार असाल तर किमतीत वळता करा. चांगलं चित्र असलेल्या फुटक्या ओरिजिनल पॅनलला बाजारात भाव असतो.

गोंद वाळायला वेळ द्या. रबरबँड बांधून दिलेला फोन घरी पोचायच्या आत सोडवून खिशात कोंबला, तर काच एका बाजूने सुटते आणि तिथूनच पुढचा तडा सुरू होतो. रात्रभर तसाच राहू द्या.

काकूंच्या फोनची फ्रेम मी बदलली, सरळ केली नाही. कोपरा एकदा दबून परत आणला की तिथला धातू कमजोर होतो, आणि त्यांचा फोन पुन्हा पडणार हे मला दिसत होतं. त्यांच्या हाताला कंप आहे. फोनच्या मागे अंगठी चिकटवून दिली, बोट अडकवायला. माझ्या मते वयस्कर माणसांसाठी त्या तीस-चाळीस रुपयांच्या अंगठीचा उपयोग हजाराच्या कव्हरपेक्षा जास्त आहे.

आत्ताच फुटला असेल तर

काचेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी आडवी लावा, कडांवर दुमडून. त्याने कुसळं गळत नाहीत आणि भेग पसरायचा वेगही कमी होतो. कानाला लावू नका, स्पीकरवर किंवा इअरफोनवर बोला. पाण्यापासून जपा. पाणी आत न शिरण्याचा कंपनीचा दावा फक्त अखंड फोनपुरता असतो, तडकलेल्याला पाण्याचे चार शिंतोडेही महाग पडतात. लहान मुलांच्या हाती देऊ नका.

आणि दुकान गाठण्याआधी टच चालतोय तोवर फोटो, संपर्क, व्हॉट्सअॅप यांचा बॅकअप घ्या. आज चालणारा टच उद्या सकाळी चालेल याचा भरवसा नसतो, विशेषतः काळा डाग वाढत असेल तर. टच गेला पण चित्र दिसतंय, अशा अवस्थेत बहुतेक अँड्रॉइड फोनला ओटीजीची पिन (चार्जिंगच्या भोकात बसणारा छोटा जोड) लावून संगणकाचा साधा माउस जोडता येतो. स्क्रीनवर बाण येतो, त्याने पॅटर्न काढता येतो, बॅकअप सुरू करता येतो. गेल्या दिवाळीत एका मावशींच्या फोनमधून नातवाच्या बारशाचे सगळे फोटो आम्ही असेच काढले. माउस शेजारच्या दुकानातून मागून आणला होता आणि सगळं उतरायला पाऊण तास लागला. तोवर मावशी स्टुलावर बसून होत्या, प्रत्येक फोटो पलीकडे पोचला की "आला का रे?" म्हणून विचारत.